थोरलीची लाल, धाकटीची काळी

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

टण्, टण्, टण्, ठप्प.

आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला आणि हा आवाज कानात घुमायला लागला. तो कुठला, हे तुला सांगायला नको. तुझे वडील, म्हणजे माझे सासरे, तळघरात बोटाच्या सांध्याने पिंप वाजवत वरून खाली यायचे. रिकामं असेल तिथे टण्, वाइन लागली की ठप्प. मग खिशातून खडू काढून तिथे रेघ. मास्तर मी, पण खडू नेहमी त्यांच्या खिशात. तुझ्या ताईला बघायला आलो त्या दिवशी हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पिंपं वाजवून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरही तसंच वाजवलं आणि म्हणाले, "पोकळ आहे, पण भरेल." भरलो की नाही, हे बघायला ते राहिले नाहीत.

तुम्हा दोघी बहिणींना तीच खोड. दार ठोठावायचं म्हणजे वरून खाली वाजवत यायचं. तुझी ताई तर न्हाणीघराचं दारही तसंच वाजवायची आणि म्हणायची, "आवाज बदलत नाहीये, आत माणूस आहे ना नक्की?"

असो. मळा सांभाळणाऱ्या भाच्याचं पत्र तुलाही आलं असेल. तळघराची मागची भिंत खचली आणि दोन्ही जुनी पिंपं त्याखाली गेली. आता जागा एकाच पिंपाची आहे, आणि कुठलं करायचं ते आत्या नि आतोबांनी ठरवावं, असं तो म्हणतो. वडिलांच्या शेवटच्या हंगामातली गोष्ट तो आपल्यालाच पुन्हा समजावून सांगतो, जणू आपण तिथे नव्हतोच. एकाच मळ्याची द्राक्षं, एकाच दिवशी काढलेला रस. अर्धा आजोबांच्या मोठ्या जुन्या पिंपात, अर्धा वडिलांनी स्वतः बनवलेल्या लहान नव्या पिंपात. जुन्यातल्या बाटल्यांच्या तोंडाला लाल लाख लावली, त्या तुझ्या ताईच्या. नव्यातल्या बाटल्यांना काळी, त्या तुझ्या. सख्ख्या बहिणींसारख्याच त्या दोन वाइन, आणि दोघींमधली सरस कुठली यावरून तुम्ही बहिणी जन्मभर भांडलात. आता भाचा त्यातली एकच पुन्हा करणार आणि बाटलीवर नावही तेच घालणार, 'थोरली' नाहीतर 'धाकटी'. बाटल्या फक्त आपल्याकडेच उरल्यात, म्हणून चाखून सांगायचं आपण, तेही द्राक्षं उतरायच्या आत.

धाकटे, मी आडपडदा ठेवत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. तिचं नाव घेणारा मी एकटाच, आणि माझंही वय झालं. कुण्या अनोळखी माणसाने जेवता जेवता म्हणावं, "जरा थोरली इकडे सरकव रे." बास, एवढंच मागणं आहे.

तू इकडेच ये. खिडकीशी बसू, दोन्ही समोरासमोर ठेवू. फोनवर हे जमायचं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही.

तुझा,
भावजी


११ जून

ती. भावजींस,
नमस्कार.

पत्र पोचलं. आवाजाचा परिच्छेद गाळून बाकीचं दोनदा वाचलं.

येणं जमणार नाही. माझे गुडघे आणि तुमचा तिसरा मजला यांचं पटत नाही. शिवाय ताई नसलेल्या घरात येऊन मी काय करू? तिच्या जाण्यानंतर मी आले नाही, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, त्याबद्दल आभार.

तेव्हा चाखणं ज्याचं त्याच्या घरी. भाच्याचा गाडीवाला दर आठवड्याला इकडून तिकडे जातो. त्याच्याबरोबर काळी पाठवतेय, दोन बाटल्या. एक चाखायला आणि एक तुम्ही सांडाल म्हणून. तुम्ही लाल एक पाठवा, माझ्याकडे ती नाही. आल्यावर आठवडाभर हलवू नका, गाळ बसू दे. उघडल्यावर तासभर थांबा. दोन्ही सारख्याच पेल्यांत ओता. मग लिहायचं ते असं: आधी रंग, मग वास, मग चव, शेवटी दहापैकी गुण. अंदाजे काही लिहू नका. उपमा तर अजिबात नको. मी आयुष्य औषधाच्या दुकानात काढलं आहे. तिथे कुणी "संध्याकाळच्या सावल्यांसारखा खोकला" म्हणत आलं, तर मी त्याला कोरडा की ओला एवढंच विचारायची.

तुमची इच्छा वाचली. आता माझी ऐका. मी धाकटी. ताईचे झगे मला, ताईची पुस्तकं मला, ताईची पाटी मला, तीही कोपरा उडालेली. वडिलांनी उभ्या आयुष्यात माझ्यासाठी नवी कोरी अशी एकच वस्तू केली, ते पिंप. ताई म्हणायची, नव्या लाकडाने वाइनला लाकडाचाच वास लागतो. म्हणू दे. ते माझं होतं.

तेव्हा हे भावजी आणि मेहुणीचं गोड गोड प्रकरण नाही, हे लक्षात ठेवून चाखा.

तुम्ही बाटल्या कशा ठेवल्या आहेत, ते कळवा.

धाकटी


२९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी उरकलं. लाल तुला परवाच्या गाडीने पाठवली आहे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले बोलावले. गृहस्थ दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात, त्यामुळे बारीक पाहायची सवय आहे. आधी थोरली काढली. बाटल्या कशा ठेवल्या, ते तू विचारलं होतंस. दिवाणखान्यात काचेचं कपाट, वरच्या खणात माझी कवितेची पुस्तकं आणि त्यांच्याच ओळीत शेवटी या बाटल्या, पाठ ताठ करून उभ्या. दुपारनंतर उन्हाचा कवडसा तिथवर येतो आणि लाल लाख अशी पेटते की वाचता वाचता नजर तिकडेच जाते. बूच मात्र वयोवृद्ध. स्क्रू लावताच त्याचा भुगा झाला आणि आत पडला, तो चहाच्या गाळण्याने काढला.

थोरली. रंग: जुन्या तांब्याचा, घासायचा राहिलेल्या. वास: परीक्षेच्या दिवशी घंटा होते नि पोरं एकदम ताठ बसतात, तसं नाक ताठ होतं. (ही उपमा नाही, अनुभव आहे.) चव: धार. तलवारीची म्हणणार होतो, पण तू रागावशील, म्हणून नुसती धार. गालांच्या आतून एक शिरशिरी निघते आणि कानापर्यंत जाते. घड्याळवाल्यांनी एक घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं शेजारी आहेत, पण त्यांना असं हळवं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग नुसतं पाणी मागितलं.

धाकटी. रंग: गडद, काठाला विटकरी. वास: नुकतंच टोक केलेल्या शिसपेन्सिलीचा, मागून सुक्या अंजिराचा. चव: मऊ, आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर रेंगाळणारी. वाईट मुळीच नाही. पण कसं सांगू, ती कुठे टोचत नाही. चांगलं, नेटकं गद्य आहे. थोरली पद्य आहे. घड्याळवाल्यांनी काळीचा पेला पुन्हा पुन्हा पुढे केला, ते बहुधा आधीच्या घोटाने हेलावलेलं मन थाऱ्यावर आणण्यासाठी.

गुण: थोरली नऊ, धाकटी साडेसात. मी कुणालाही दहा दिलेले नाहीत, हे माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचार.

राग मानू नकोस. तुझ्या ताईवर माझा जीव होता म्हणून हे गुण दिलेले नाहीत. जिभेने जे सांगितलं तेच लिहिलं.

तुझा,
भावजी


८ जुलै

ती. भावजींस,
नमस्कार.

लाल उघडली. तुमचं पत्र वाचून मला जी शंका आली होती, ती बूच काढायच्या आधीच खरी ठरली. स्क्रूची गरजच पडली नाही. बोट लावलं तर बूच आत गेलं.

रंग: तपकिरी. वास: व्हिनेगर, मागून नखं रंगवायच्या बाटलीचा. चव: व्हिनेगर. गुण: व्हिनेगर म्हणून आठ, वाइन म्हणून शून्य.

ओतून दिलं नाही, मला नासाडी आवडत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोटीवर पांढरा थर जमला होता, कशानेच निघत नव्हता. तुमच्या पद्यात फडकं बुडवून गुंडाळून ठेवलं. तोटी आता अशी चकाकतेय की तिच्यात मला माझं तोंड दिसतं, आणि ते हसरं आहे.

भावजी, वाइनची बाटली आडवी ठेवतात. बूच ओलं राहावं लागतं. उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, हवा आत शिरते आणि आतल्या वाइनचं वाटोळं होतं. त्यातून तुम्ही ती उन्हात ठेवलीत. सगळा जन्म पोरांना वर्गात उभं केलंत, ते पुरलं नाही म्हणून बाटल्यांनाही उभं केलंत. त्यांनी काय गृहपाठ केला नव्हता?

आणि त्या घड्याळवाल्यांना माझ्यातर्फे विचारा, घसा बरा आहे का.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण तुम्ही तिला नऊ दिलेत. मला कळतं, ते नऊ ताईला आहेत. पण तसं सरळ म्हणायचं होतंत. "जिभेने सांगितलं तेच लिहिलं" असं लिहून वर माझ्या पिंपाला गद्य म्हणायचं, म्हणजे मला काही कळतच नाही असं धरून चालायचं. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, भावजी, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

भाच्याला मी अजून काही लिहिलेलं नाही. तुम्हीच लिहा काय ते.

धाकटी


२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी फार रागावलो. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांकडे गेलो आणि विचारलं, "खरं सांगा, ती पहिली वाइन कशी होती?" त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं, पुसलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतक्या प्रेमाने देत होतात." मग राग माझा माझ्यावरच आला आणि तो जायला वेळ लागला.

मी खोटं बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, निदान खरं काय ते मला ठाऊक असतं.

झालं असं असावं. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही थोरलीची एक बाटली फोडायचो. तुझी ताई दोन पेले मांडायची, मी त्या वर्षीची कविता वाचायचो. नेहमी वाइनवरच असायची, चार ओळींची. आणि दरवर्षी मला वाटायचं, यंदा जरा धार वाढली. वाइन मुरते म्हणतात ती अशीच मुरत असणार. एका वर्षात कुणी व्हिनेगर प्यायला दिलं असतं तर मीही थुंकलो असतो. पण ती एकेका पायरीने खाली उतरत गेली आणि मी तिचा हात धरून बरोबर उतरत गेलो. शेवटी शेवटी मला तीच चव खरी वाटायला लागली. म्हणून तुझी चांगली वाइन मला मिळमिळीत लागली. चुकीच्या पुस्तकावरून शिकलेला विद्यार्थी बरोबर उत्तराला लाल फुली मारतो, तसं झालं.

तुझी दुसरी बाटली मी सांडली नव्हती. ती काल उघडली, एकट्याने. कविता नाही, साक्षीदार नाही. पहिला घोट घेतला आणि सासरे आठवले. पिंपात काचेची नळी घालायचे, वरून अंगठा दाबायचे, आणि ती नळी माझ्या पेल्यावर धरून अंगठा उचलायचे. त्यांनी दिलेला तो पहिला घोट असाच होता. मला तो आठवत नव्हता, हेसुद्धा मला कालपर्यंत माहीत नव्हतं. रंग, वास, चव पुन्हा लिहीत नाही. तेव्हा जे लिहिलं ते सगळं बरोबर होतं, फक्त गुण चुकले.

भाच्याला मी 'धाकटी' असं कळवलं आहे. पत्र कालच टाकलं. धाकटी म्हणून तुला आनंद व्हायला हवा, पण फार करू नकोस. माझ्या घरात आता एक लाल बाटली उरली आहे, आणि ती अजून उभीच आहे. तिला आडवी करायचं धैर्य झालं नाही.

तुझा,
भावजी


९ ऑगस्ट

ती. भावजींस,
नमस्कार.

पत्र टाकायची घाई करायला कुणी सांगितलं होतं? रागावलात तर महिनाभर गप्प, आणि विरघळलात तर एका दिवसात.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली तुम्हाला बरी वाटणार नाही.

धार वाढत गेली आणि तुम्हाला कळलं नाही, हे मला पटतं. तुम्ही शाईच्या वासावर वाढलेले. पण ताई? ती त्या तळघरात बोट बुडवून चाटत मोठी झाली. कुठल्या पिंपाचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, ते ती जिन्यात उभी राहून सांगायची. बाटली उभी ठेवायची नाही, हे तिला चालायला यायच्या आधी शिकवलं होतं. तेव्हा कपाटात पुस्तकांच्या ओळीत त्या बाटल्या उभ्या करणारे हात कुणाचे, हे मी विचारत नाही. पण ती वाइन बिघडतेय हे तिला पहिल्याच वर्षी कळलं असणार, भावजी. पहिल्या घोटातच. तुम्ही समोर कागद घेऊन कविता वाचत होतात, म्हणून ती गप्प बसली असेल. पुढच्या वर्षी तर बोलायची सोयच उरली नाही. मग पीत राहिली. मी हे लिहिताना हसत होते, आता थांबले आहे.

दुसरी गोष्ट. लाल माझ्याकडे नाही असं मी लिहिलं होतं. ते पूर्ण बरोबर नव्हतं. तुम्ही ते काचेचं कपाट घेतलंत, त्याच वर्षी ताई माझ्याकडे राहायला आली होती. जाताना तिने पिशवीतून एक लाल बाटली काढली, माझ्या फळीवर माझ्या काळ्यांच्या शेजारी आडवी ठेवली आणि म्हणाली, "ही इथे बरी राहील." मला वाटलं, मिरवतेय. तुझ्या काळ्यांना जरा चांगली सोबत, असा टोमणा आहे. मी त्या बाटलीला नंतर हातही लावला नाही. आता तुमच्या पत्रांनंतर ते वाक्य मला वेगळं ऐकू येतंय.

तर एक लाल आहे, नीट ठेवलेली. स्पर्धा अजून संपलेली नाही. हे मी आधी का सांगितलं नाही, ते तुम्हाला कळत असेल. ती चांगली निघाली तर, याची मला भीती वाटत होती. भीती अजून आहे, पण आता तुम्ही आधीच हरून बसलात, त्यामुळे मला लपून राहायला जागाच उरली नाही.

रविवारी उघडते आणि कळवते.

धाकटी


१९ ऑगस्ट

ती. भावजींस,
नमस्कार.

उघडली. थोरली पाच, धाकटी साडेसात. तुमचा निर्णय बरोबर होता. विषय संपला.

गुडघे जरा बरे आहेत.

धाकटी


३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विषय संपलेला नाही. भाच्याचं पत्र आलं आहे. ते जसंच्या तसं तुला वाचून दाखवायला हवं होतं, पण फोनवर तू "काय? काय?" करशील, म्हणून उतरवून काढतो.

"आतोबा, तुमचं पत्र मिळालं, 'धाकटी'. काल आत्याचंही मिळालं, 'थोरली'. लहानपणापासून या घरात नेमकं याच्या उलट ऐकत आलो आहे, तेव्हा कुणी कुणाचं पत्र लिहिलंय, असा प्रश्न पडला. सुताराला लाकूड जुनं की नवं, ते सांगायचं आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत दोघांनी एका तोंडाने काय ते सांगा, नाहीतर बाटलीवर मी माझंच नाव घालतो, आणि ते कुणाला आवडणार नाही."

आणि खाली लिहिलं आहे, की आत्याने कारण दिलंय ते असं: "चवीचं मला विचारू नकोस. जिने ती तोंड वाकडं न करता इतकी वर्षं प्यायली, नाव तिचं."

धाकटे, हे वाचून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते घड्याळवाल्यांच्या जातीचं नव्हतं.

आता तुझं उत्तर तपासतो. माझा तो व्यवसाय होता. रंग, वास, चव हा क्रम तू घालून दिलास. अंदाजे लिहू नका, हे तुझंच वाक्य. नासलेल्या बाटलीचंही तू बारकाईने वर्णन केलंस, नखांच्या रंगापर्यंत. आणि जी बाटली आयुष्यभर फळीवर ठेवलीस, तिला नुसते पाच गुण, पुढे एक शब्द नाही? पेपर न वाचता दिलेले गुण मला लगेच ओळखू येतात. मी स्वतः असे पुष्कळ दिले आहेत. बाटली तू उघडलीच नाहीस. मला कळवताना पाच दिलेस, म्हणजे मी जिंकण्याच्या आशेने पुन्हा उभा राहू नये. भाच्याला थोरली कळवलंस, म्हणजे मी हरू नये. आणि दोन्ही मतं बाटली चाखल्याशिवाय. औषधाच्या दुकानात असं चालायचं का?

एकंदरीत हिशेब असा झाला की आयुष्यभर बहिणीशी भांडलेली तू तिच्या बाजूने मत दिलंस, आणि जिच्यासाठी मी हे सगळं सुरू केलं, तिच्या विरुद्ध मी दिलं. सासरे असते तर दोघांच्याही पाठी वाजवून पाहिल्या असत्या.

तुझ्या ताईबद्दल जे लिहिलंस, ते वाचलं. एकच सांगतो. कपाटातली शेवटची लाल मी काल काढली आणि आडवी केली. पुस्तकांच्या ओळीत ती बसत नव्हती, पुढे यायची. म्हणून मग पुस्तकंच आडवी केली. आता वरच्या खणात सगळेच झोपलेत. बरं दिसतं. तिने कधी तरी सांगायला हवं होतं, असं रोज वाटतं, आणि सांगितलं असतं तर त्या कविता झाल्या नसत्या, हेही रोज वाटतं. कविता काही विशेष नव्हत्या. ते तिलाही कळत असणार.

तर मी असं ठरवलं आहे. ती नीट ठेवलेली लाल गाडीवाल्याबरोबर पाठवू नकोस. तो ती उभी आणेल. सोमवारी मीच येतो तुझ्याकडे. तुझं घर तळमजल्यावर आहे, माझे गुडघे तक्रार करणार नाहीत. एक लाल, एक काळी, दोन पेले, आणि आधी बोलायचं नाही. रंग बघायचा, वास घ्यायचा, चाखायचं, आणि मग एकाच वेळी कागदावर नाव लिहायचं. उपमा नाही. मी शब्द देतो. थोरली हरली तर हरली. निदान ती खरी हरेल, माझ्या कपाटात उभी राहून नाही. आणि ती जिंकली तर तुझं पिंप

थांब, दार वाजलं.

गाडीवाला असेल. नाही, गाडीवाला मुठीने बडवतो. घड्याळवाले बेल दाबतात, तीही मोजून दोनदा. हे कुणीतरी बोटाच्या सांध्याने वाजवतंय. वरून. दाराच्या वरच्या पातळ फळीवर टण्, टण्, आणि मग खाली, जिथे जाड लाकूड लागतं तिथे

ठप्प.

धाकटे, मी पेन धरून बसूनच राहिलो आहे. असं दार वाजवणारं माणूस या घरात एकच होतं, आणि क्षणभर मला खरोखर वाटलं की

पुन्हा वाजलं. या वेळी मागून धापाही ऐकू येतायत, आणि आवाज.

"भावजी, आधी दार उघडा, लिहीत काय बसलाय? तीन मजले हिला आडवी धरून आलेय."